चढावर मागे बघायचं नाही

१

थोरल्याच्या नाकावर राग होता आणि सायकलवर दोन कॅमेरे. त्यातल्या रागाला चार्जिंग लागत नसे.

रोज सकाळी पावणेआठला जिन्याखाली उभं राहून तो कॅमेरे बसवायचा. पुढचा हँडलच्या खाली, उलटा टांगलेला, म्हणजे वरून ऊन आलं तरी काचेवर पडत नाही. मागचा सीटखालच्या दांड्यावर, क्लॅम्पच्या आत रबराची पट्टी घालून, नाहीतर खड्ड्यात सगळं चित्र थरथरतं. स्क्रू आधी बोटांनी आवळायचा, मग नाण्याने पाव फेरा. दोन्ही बटणं दाबायची. दोन्ही लाल दिवे लुकलुकायला लागले की निघायचं.

कामावर पोचायला अर्धा तास लागे. त्या अर्ध्या तासात जो कोणी त्याला घासून जाईल, न बघता गाडीचं दार उघडेल, सिग्नल तोडेल, त्याच्या गाडीचा नंबर थोरला मोठ्यांदा म्हणायचा. नंबरपाटी उन्हात कॅमेऱ्याला पांढरीफटक दिसते, पण बोललेलं नीट उमटतं. म्हणून एकेक आकडा सुटा करून, घसा ताणून. दुपारच्या सुट्टीत चित्रण तपासायचं आणि वाहतूक शाखेला तक्रार धाडायची. आठ महिन्यांत एकशे चाळीस तक्रारी झाल्या होत्या. कामावरचे लोक त्याला पाठीमागे इन्स्पेक्टर म्हणत. त्याला ते माहीत होतं, आणि त्याचाही त्याला राग होता.

काम होतं कानाची यंत्रं दुरुस्त करायचं. म्हाताऱ्यांच्या कानामागची ती बोटभर यंत्रं टेबलावर यायची आणि थोरला त्यांना नळी जोडून ऐकत बसायचा. कुठलं खरखरतं, कुठलं शिट्टी मारतं, कुठल्यात घाम शिरलाय, हे तो उघडण्याआधी सांगे. कान तिखट होते त्याचे. माणसांचं ऐकायला मात्र ते फारसे वापरले जात नसत.

सोमवारी दुपारी डबा पुढ्यात घेऊन तो मागच्या कॅमेऱ्याचं चित्रण ऐकत होता. टाकीचा चढ आला. पाण्याच्या उंच टाकीला वळसा घालून जाणारा रस्ता, एका बाजूला सिमेंटचा खोल चर. चित्रात मागे रस्ता रिकामा. त्याचा स्वतःचा श्वास, साखळीची घरघर. आणि त्याखाली काहीतरी.

टिक. मग बराच वेळ काही नाही. टिक. त्याने मोजलं. नऊ.

घास हातातच राहिला. सायकलची साधी रीत आहे. पाय थांबले की मागचं चाक टिकटिकतं, पाय फिरत असले की गप्प. उतारावर टिकटिक, चढावर नाही. टाकीच्या चढावर कोणी पाय थांबवत नाही, कारण थांबवले तर सायकल उभी राहते आणि माणूस आडवा होतो.

त्याचे पाय तर थांबले नव्हते. मग टिकटिकत होतं कोण?

२

मंगळवारी वीस झाले, आणि सोमवारपेक्षा भराभर. बुधवारी त्याला मोजता आले नाहीत.

थोरला काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. बिघाड असतो, तो शोधायचा असतो, सापडत नसेल तर शोधणारा गाढव असतो, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. त्याने क्लॅम्प सोडवला, रबर बदललं, कॅमेरा दुसऱ्या दांड्यावर बसवला. पुढच्या कॅमेऱ्याचं चित्रण ऐकलं, तर त्यात टिकटिक नव्हती. म्हणजे रस्त्यावर आवाज नव्हता. तो फक्त मागच्या कॅमेऱ्यात होता, आणि तोही फक्त टाकीच्या चढावर.

"अहो, स्क्रू ढिला असेल एखादा," बायको म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"स्क्रू ढिला असता तर खडखडला असता. हे टिकटिकतंय. खडखड आणि टिकटिक यातला फरक मला शिकवू नकोस."

"मी कशाला शिकवू? मी आपलं म्हटलं."

"सगळे आपलं म्हणतात. पोलीस पण आपलं म्हणाले होते, तोल गेला असेल."

बायकोने घडी अर्धी ठेवून त्याच्याकडे पाहिलं. आठ महिने कुठूनही निघालेलं बोलणं तिथेच जाऊन पोचायचं. कोबी महाग झाला म्हटलं तरी पोचायचं.

"चिडायचं तेवढं चिडा," ती म्हणाली. "पण एकदा कोणावर चिडलाय ते ठरवा. मला जरा वेळ तरी सुटका मिळेल."

३

टाकीच्या चढावर धाकटा गेला होता. थोरल्याचा एकुलता एक भाऊ. सकाळी नेहमीसारखा सायकलवरून निघाला आणि वीस मिनिटांनी चरात सापडला.

थोरल्यानेच त्याला सायकल शिकवली होती, लहानपणी आणि मोठेपणी पुन्हा. मोठेपणचा धडा एकच होता. चढावर मागे बघायचं नाही. ज्या बाजूला मान, त्या बाजूला हँडल, आणि चढावर वेग नसल्यामुळे सावरता येत नाही. मागचं बघायला कॅमेरा आहे. तो कॅमेराही थोरल्यानेच घेऊन दिला, बसवून दिला, आणि कार्ड लहान म्हणून एका तासाच्या लूपवर लावून दिला. पाच-पाच मिनिटांचे तुकडे भरत जातात, तास भरला की सगळ्यात जुना तुकडा पुसून त्याच्या जागी नवा.

त्या दिवशी थोरला कामावर लवकर गेला होता. फोन आला तेव्हा तो टेबलाशी नळी कानाला लावून बसला होता. तो दवाखान्यात पोचला तोवर सायकल दाराजवळच्या भिंतीला टेकवून ठेवली होती.

"सायकलला कुठे धडक बसल्याची खूण नाही," हवालदार म्हणाला. "तोल गेला असेल."

"माझा भाऊ तोल जाऊन पडणाऱ्यातला नाही," थोरला म्हणाला, आणि तिथून त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. हवालदारावर ओरडला. सायकल उचलून आणणाऱ्या टेम्पोवाल्यावर ओरडला. दाराशी अडवणाऱ्या वॉचमनवर ओरडला, मग डॉक्टरांवर. कोणीतरी मागून उडवून पळालाय, गाडी शोधा, आत्ताच्या आत्ता शोधा. आणि हे सगळं चाललेलं असताना भिंतीला टेकलेल्या सायकलच्या सीटखाली एक लाल दिवा लुकलुकत होता.

तो दिवा त्याला दिसला होता. एकदा नाही, चार वेळा दिसला. तो काय करतोय हेही त्याला ठाऊक होतं, लूप त्यानेच लावला होता. पण आधी या माणसाला सुनावतो, मग बघतो, असं म्हणत राहिला. शेवटी बटणावर बोट ठेवलं तेव्हा कार्डात उरलं होतं ते दवाखान्याचं दार, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला आणि थोरल्याचं ओरडणं. पूर्ण एक तास.

घरी त्याने सांगितलं, कार्ड खराब झालं. धाकट्याच्या बायकोलाही तेच सांगितलं. आणि मग तोच कॅमेरा, त्याच कार्डासकट, स्वतःच्या सीटखाली बसवून तो रोज टाकीचा चढ चढायला लागला. गुन्हेगार पुन्हा तिथून जाईल, असं तो म्हणे. बायकोसुद्धा आता त्यावर काही बोलत नसे.

बुधवारी संध्याकाळी धाकट्याची बायको आली. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. ती शाळेत शिकवायची, दुसऱ्या गावी बदली मागून घेतली होती आणि सोमवारी निघणार होती. पाण्याचा पेला तिने हातात घेतला, पण प्यायली नाही.

"दादा, ते कार्ड मला द्याल? आमच्या शाळेत एक सर आहेत, ते म्हणाले की खराब कार्डातूनसुद्धा काहीतरी निघतं."

"काही निघत नाही."

"चित्र नको मला. पडलेला नाही बघायचाय मला तो. आवाज निघाला तरी चालेल. घरात त्याचे फोटो ढीगभर आहेत, पण आवाज कुठेच नाही. आम्ही कधी घेतलाच नाही."

"सांगितलं ना, खराब आहे."

"मग खराब आहे तेच द्या," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुम्ही जगभराच्या गाड्यांचे नंबर गोळा करताय. मला एक कार्ड देता येत नाही? रविवारी येते न्यायला."

ती गेल्यावर थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटीवर नाही, हे त्यालाही कळत होतं.

४

धाकट्याची सायकल बाल्कनीत हुकाला टांगलेली होती. गुरुवारी संध्याकाळी थोरल्याने तिच्यावरची चादर काढली आणि मागचं चाक हाताने जोरात फिरवलं.

त्या चाकातलं टिकटिकणारं फ्रीव्हील नेहमी जास्तच बोलकं. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं. तू येतोस ते गल्लीच्या टोकापासून कळतं, असं थोरला त्याला चिडवायचा. चाक आधी इतक्या वेगात वाजलं की सगळे ठोके मिळून एकच सूर झाला. मग ठोके सुटे झाले. मग लांब लांब. शेवटचे काही तर असे, की संपलं म्हणावं आणि आणखी एक यावा.

शेवटचे नऊ त्याने मोजले, त्यांच्या मधली अंतरं मनात धरली आणि आत जाऊन कार्डातून वेगळं उतरवून ठेवलेलं सोमवारचं चित्रण लावलं.

तीच अंतरं. सातव्या आणि आठव्याच्या मध्ये बारीक खर्र होतं, तेही तिथेच.

कुठल्याही दुसऱ्या माणसाला हे कळलं नसतं. थोरल्याला कळलं, आणि कळून त्याचं समाधान झालं नाही. सोमवारी ऐकू आलं ते चाक थांबत आलं होतं. मंगळवारी त्याच्या आधीचं ऐकू आलं. बुधवारी त्याच्याही आधीचं. आवाज एकेक दिवस मागे सरकत चालला होता. कशाकडे, हा विचार मनात आला तसा त्याने तो हाकलून दिला आणि त्याऐवजी चिडायचं ठरवलं. कोणीतरी चेष्टा करतंय. कामावरच्या कोणीतरी कॅमेऱ्यात काहीतरी घातलंय. इन्स्पेक्टर म्हणतात ना, मग एवढंही करतील.

शुक्रवारी त्याने कामावर चौघांना फैलावर घेतलं. चौघेही त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. घरी येताना जिन्यात त्याने हेल्मेट भिंतीवर आपटलं, ते मधोमध तडकलं.

"आता उद्या काय घालणार?" बायकोने विचारलं.

तिने आपलं पांढरं हेल्मेट आणून चपलांच्या फळीवर ठेवलं.

५

शनिवारी सकाळी ऊन स्वच्छ होतं. पांढरं हेल्मेट त्याला जरा लहान होत होतं आणि पट्टा हनुवटीला कचकचत होता. चढाच्या पायथ्याशी एक गाडी घासून गेली. त्याने नंबर म्हटला नाही. आज त्याचे कान दुसरीकडे होते.

टाकीची सावली रस्त्यावर आली आणि आवाज सुरू झाला. या वेळी कॅमेऱ्यात नाही, उघड्यावर, त्याच्या स्वतःच्या कानात. ठोके नव्हतेच, तो एकच सूर होता, आत्ताच कोणीतरी चाक जोरात फिरवून सोडल्यासारखा. तो चराकडून येत होता. थोरल्याने पाय थांबवले नाहीत. दात आवळून तो पुढे रेटत राहिला.

मग आवाज कापल्यासारखा बंद झाला. सुरू होण्याच्याही आधीची शांतता असते ना, तशी. साखळीची घरघर तेवढी राहिली. आणि वळणावर, पन्नास पावलं पुढे, एक सायकलवाला दिसला.

पाठमोरा. निळं विंडचिटर, पाठीवर आडवी पांढरी पट्टी. हे विंडचिटर थोरल्याने सही करून पोलिसांकडून पिशवीत घेतलं होतं. ते घरी कपाटाच्या वर होतं.

त्या क्षणी त्याला भीती वाटायला हवी होती. पण आठ महिने ज्या वाटेने सगळं बाहेर पडत होतं त्याच वाटेने हेही पडलं. तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या भावाचे कपडे घालून, माझ्या भावाचा आवाज काढून, माझ्या भावाच्या जागी. तो पॅडलवर उभा राहिला आणि फुप्फुसं फाटेस्तोवर ओरडला.

"ए! मागे बघ! मागे बघ म्हणतो ना!"

त्या माणसाची मान वळायला लागली.

घामाचा थेंब थोरल्याच्या डोळ्यात उतरला. त्याने डोळे मिटले, उघडले. वळण रिकामं होतं. तो तिथे पोचून सायकल टाकून चरात उतरला. कोरडं सिमेंट, पाचोळा, एक चेपलेली बाटली. दुसरं काही नव्हतं.

६

शनिवारी अर्धा दिवस काम. तो घरी आला, जेवला नाही, आतल्या खोलीत बसून मागचा कॅमेरा उघडला.

टाकीच्या चढाचा तुकडा होता, पण कोपऱ्यातली तारीख आठ महिन्यांपूर्वीची. बॅटरी ढिली झाली की तारीख बिघडते, हे तो दहा जणांना सांगत आला होता. तेच त्याने स्वतःला सांगितलं आणि आवाज वाढवला.

मागे सरकत जाणारा रिकामा रस्ता. श्वास, पण त्याचा नव्हे. त्या श्वासाला जरा घाई होती आणि श्वास घेणारा मधूनच गुणगुणत होता. एकही गाडी नाही. चढाच्या पायथ्यापर्यंत सगळा रस्ता दिसत होता आणि त्यावर एकही गाडी नव्हती.

मग मागून, टाकीच्या सावलीतून, एक सायकलवाला आला. पॅडलवर उभा. डोक्याला पांढरं हेल्मेट, लहान होत असलेलं. तोंड उघडं, आणि चेहरा असा, की रस्त्यात कोणाला दिसला तर माणूस बाजूला होईल.

"मागे बघ! मागे बघ म्हणतो ना!"

"अरे, दादा?" कॅमेऱ्याजवळून धाकट्याचा आवाज आला. दचकलेला नव्हता. त्याला आनंद झाला होता. "तू कसा काय?"

चित्र कलंडलं. सिमेंट, मग आभाळ. आभाळ स्थिर राहिलं. आणि त्याच्यावर चाक फिरत राहिलं, आधी एकच सूर, मग सुटे ठोके, मग लांब लांब. शेवटचे नऊ थोरल्याने मोजले नाहीत, तरी ते मोजले गेले.

त्या दिवशी त्या वेळी तो कामावर होता. हजेरीची सही आहे, चार साक्षीदार आहेत. हे त्याने तीन वेळा मनाशी म्हटलं. मग उठला, कॅमेरा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. तासाभरात हा तुकडा पुसला जाणार होता. काही करायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. ते त्याला जमत होतं, एकदा जमलंच होतं.

तो बसला. बाहेर भांडी वाजली, कोणाचातरी फोन वाजला. पन्नासएक मिनिटांनी बायको दारात आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"अहो, तो लाल दिवा चालू राहिलाय तुमचा," ती म्हणाली. "बंद करायचा विसरलात का?"

आठ महिन्यांपूर्वी हे एक वाक्य म्हणायला तिथे कोणी नव्हतं. थोरल्याने तिच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने, दोनदा चुकून, बटण दाबलं. दिवा विझला. तुकडा होता. त्याने तो पुसला जाऊ नये म्हणून वेगळा जपून ठेवला, आणि मग त्याला रडू आलं.

७

रविवारी सकाळी धाकटी आली. जिना चढून आल्यामुळे तिला दम लागला होता.

"दिलंत तर बरं होईल," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "नाही दिलंत तर मी पुन्हा मागणार नाही."

"बस," थोरला म्हणाला. "कार्ड खराब नव्हतं. मी खोटं बोललो. दिवा चालू होता आणि मी ओरडत होतो, म्हणून सगळं पुसलं गेलं. एक तुकडा आहे. कसा राहिला ते मला सांगता येणार नाही."

त्याला वाटलं होतं ती चिडेल. चिडावं अशी त्याची इच्छाही होती. ती नुसती खुर्चीवर बसली आणि हात पुढे केला.

"आवाज आहे?"

"आहे."

"मला चित्र दाखवू नका."

त्याने कॅमेरा पडद्याची बाजू खाली करून ठेवला आणि कामावरून आणलेले चांगले इअरफोन तिच्या कानात नीट बसवून दिले. बायको दारात पदर धरून उभी होती. धाकटीने डोळे मिटले. गुणगुणणं ऐकलं तशी ती हसली, अगदी उघड, आठ महिन्यांत ती असं हसली नव्हती. मग तिच्या कपाळावर आठी आली. मग पुन्हा चेहरा उजळला, "अरे, दादा?" तिथे असणार. मग तिने दोन्ही हात तोंडावर धरले आणि शेवटपर्यंत तशीच बसून राहिली. थोरल्याला बाहेरूनच ठोके कळत होते. सातव्या आणि आठव्याच्या मध्ये ती दचकली.

मग तिने इअरफोन काढले आणि त्याच्याकडे वळली. दादा म्हणून धाकटा एकाच माणसाला हाक मारायचा. तरी तिने विचारलं.

"दादा, मागून कोण ओरडतंय?"

थोरल्याने मान ताठ केली, श्वास घेतला आणि रस्त्यावर नंबर म्हणायचा तसंच, ऐकणाऱ्याच्या मनात काही शंका राहू नये म्हणून, मोठ्यांदा आणि सुटं सांगितलं.

"मी."